मिठासारखी गोळी

त्या डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात कंपनीच्या माणसाला वेगळी खुर्ची नव्हती. बाकी सगळीकडे आम्हा औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींना बाजूच्या दारानं आत घेत. पेशंट बाहेर ताटकळत राहत आणि आम्ही टाय सारखा करून, पाठ केलेलं बोलून, नमुन्याच्या गोळ्या टेबलावर ठेवून मोकळे होत असू. बाईंच्या दवाखान्याला दार एकच होतं. दाराशी पत्र्याच्या डब्यात नंबर कोरलेले लाकडी बिल्ले असत. त्यातला एक उचलायचा आणि पडवीत, सारवलेल्या जमिनीवर, पेशंटच्या ओळीत बसायचं.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून नुकताच वेगळा झाला होता आणि मीही कॉलेजातून नुकताच बाहेर पडलो होतो. चामोर्शीच्या पुढे एसटीतून उतरलो, बुटांवरची धूळ रुमालानं पुसली आणि छापलेलं कार्ड आत पाठवलं. आतून आवाज आला, "कंपनी आहे का? त्याले म्हना बिल्ला घे."

बाजाराचा दिवस होता. माझ्या एका बाजूला कान धरून बसलेला म्हातारा, दुसऱ्या बाजूला तापलेलं मूल घेतलेली बाई. तिला पदर सावरायचा होता, म्हणून तिनं मूल सरळ माझ्या मांडीवर दिलं आणि बराच वेळ परत घेतलंच नाही. नंबर आला तेव्हा माझ्या पँटवर त्या मुलाची ओल होती आणि पाठ केलेलं सगळं मी विसरलो होतो.

बाई सतरंजीवर बसलेल्या होत्या. ठेंगण्या, अंगानं भरलेल्या, पांढरी सुती साडी आणि पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट. त्यांनी माझा हात ओढून नाडी बघितली, डोळ्याची खालची पापणी खाली ओढली आणि विचारलं, "कुठी दुखते?"

मी म्हटलं, मी पेशंट नाही.

"लाइनीत बसला तो पेशंट. बोल, कुठी दुखते?"

बसून बसून गुडघे दुखतायत, असं मी खरं ते सांगितलं. बाईंचं समाधान झालं. "मंग आता दाखव तुही गोळी. आता तुले थोडंसं समजन."

माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही. त्या मला 'कंपनी' म्हणत. "ये कंपनी." "जेवला का कंपनी?" आधी मला त्याची गंमत वाटायची. पुढे ते नाव अंगाला चिकटलं आणि जड झालं. कुठलंही औषध मिळेनासं झालं, महागलं, बाटलीत साका दिसला, की त्या मान वर करून फक्त कारण विचारत, "काऊन, कंपनी?" औषध दुसऱ्याच कंपनीचं असलं तरी.

बाई मूळच्या चिमूरकडच्या. वडील शेतमजूर होते, आणि छप्पन साली घरादारासकट नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता आणि त्याच्याखाली ताजी रानफुलं. त्या नागपुरात सरकारी नोकरीत होत्या, ती सोडून इकडे आल्या. का सोडली याच्या गावात दोन कथा होत्या. एका कथेत त्यांनी मंत्र्यालाही ओळीत बसवलं होतं, दुसरीत लग्न मोडलं होतं. मी एकदा धीर करून विचारलं. "इथी कोंबड्या चांगल्या मिळते," म्हणाल्या.

कोंबडी हे त्यांचं मापही होतं. दवाखान्यात एक फळा होता, त्याचे खडूनं चार भाग पाडलेले. एकात अंड्याचं चित्र, एकात कोंबडीचं, एकात शेळीचं आणि शेवटी बैलाचं. महिन्याचं औषध घेण्यासाठी घरातलं काय विकावं लागेल, त्यावरून औषधाची जागा ठरायची. आम्ही नवीन औषधाची तारीफ संपवली, की बाई खडू उचलून विचारत, "अंडं का कोंबडी?" मी टक्केवारी सांगायचो, परदेशातल्या डॉक्टरांचं मत सांगायचो. बाई खडू हातात धरून थांबून राहत. शेवटी मी ओशाळून म्हणायचो, "शेळी." मग त्या शेळीच्या घरात नाव लिहीत आणि पुढच्या नंबरला हाक मारत. त्या शेळीची औषधं देतच नसत असं नाही. पण मग कुणाच्या घरची शेळी गेली हे त्या लक्षात ठेवत, आणि ते आम्हालाही ऐकवत.

दुसरी सवय चाखण्याची. कुठलीही नवी गोळी आधी त्या स्वतःच्या दातांनी फोडून बघत, जिभेवर घोळवत आणि खिडकीतून थुंकत. मुलांचं एक पातळ औषध चाखून त्यांनी बाटली मला परत दिली. "हे तुमच्या सायबाच्या पोट्ट्याले पाजून पाय. त्यानं गिळलं तं मी घेतो." मी ते साहेबांना कळवलं नाही. आमच्या धंद्यात डॉक्टर काय म्हणाले हे लिहून पाठवायची पद्धत होती, पण मी नेहमी 'प्रतिसाद चांगला' एवढंच लिहायचो.

भेटवस्तूंचं त्या काय करत हेही सांगायला हवं. आमच्या कंपनीनं दिलेल्या कॅलेंडरवर स्वित्झर्लंडचे डोंगर होते. बाईंनी तारखा कापून टाकल्या आणि डोंगर प्रसूतीच्या खोलीत लावले. "बाई कळा देते तं तिले काई पायाले पायजे नं," म्हणाल्या. पेनांचा सेट मात्र परत केला. लिहिणारा हात एकच आहे, असं त्यांचं म्हणणं.

इतकं सगळं असून आमच्या कंपनीची एक गोळी त्यांना फार हवी असे. मिरगीची, म्हणजे झटके येण्यावरची गोळी. जुनी, स्वस्त, पिवळी. जिच्याबद्दल आम्हाला बोलायलाही कुणी शिकवलं नव्हतं. तिच्यात नफा इतका थोडा, की आमच्या चकचकीत पुस्तकात तिला शेवटच्या पानावरही जागा नव्हती. पण फळ्यावर ती अंड्याच्या घरात होती, आणि रोज घेतली तर माणूस झटक्यांतून सुटायचा. रोज, हे महत्त्वाचं. मध्येच सोडली तर झटके दुप्पट जोरानं परत येत.

वाचता न येणाऱ्या माणसांना बाई औषधं रंगानं शिकवत. पिवळी मिरगीची, लाल पोटुशीची, पांढरी तापाची. सरकारी दवाखान्यातून गरोदर बायांना रक्त वाढायला लालसर गोळ्या मिळत, त्यामुळे हा हिशेब सगळीकडे जुळायचा. शिवाय प्रत्येक घरी एक गोळी खूण म्हणून द्यायच्या. ती खायची नाही, बांबूच्या नळीत घालून आढ्याला खोचून ठेवायची, आणि नवीन औषध आणलं की तिच्याशी ताडून बघायचं. "कागद ओला होते, मानूस विसरते, रंग कुठी जाते?" असं त्या मला म्हणाल्या होत्या. त्यांच्या ओळीत बसून बसून मलाही तो पाढा पाठ झाला होता.

मिरगीच्या पेशंटला त्या झटके किती आले हे विचारत नसत. लोक लाजेनं कमी सांगतात, म्हणायच्या. त्या बायकांना विचारत, "चूल पेटवते का?" आणि पुरुषांना, "झाडावर चढू देते का घरचे?" चुलीचा प्रश्न मला समजायला वेळ लागला. झटके येणाऱ्या बाईला घरात विस्तवाजवळ जाऊ देत नाहीत. आणि जिला चुलीजवळ जाता येत नाही, ती त्या घरात पाहुणी असते. तिच्या हातचं कुणी खात नाही, तिला कुणी काही विचारत नाही.

राजी अशीच होती. जंगलातल्या एका गोंड पाड्यावरची सून, अंगानं काटक, बोलायला कमी. मी तिला पहिल्यांदा ओळीत पाहिलं तेव्हा ती सासूच्या मागे तोंड लपवून बसली होती. गोळी सुरू झाल्यावर एक पावसाळा गेला, दुसरा गेला. मग एका बाजाराला बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि राजीच्या आधी सासूच बोलली, "पेटवते नं, बाई. आता मी बसून खातो." बाई उठून बाहेर आल्या आणि सगळ्या ओळीला सांगितलं, राजी चूल पेटवते. ओळीतल्या अर्ध्या लोकांना त्याचा अर्थ माहीत होता. ते हसले. मीही हसलो, आणि ती गोळी आमची असल्याचा मला त्या दिवशी मनापासून अभिमान वाटला.

त्याच वर्षी नागपूरच्या हॉटेलात आमची बैठक झाली. पडद्यावर नवीन रूप दाखवलं. मिरगीची गोळी यापुढे गुलाबी, गुळगुळीत, चंदेरी पट्टीत. पिवळा रंग जुनाट वाटतो, इतर कंपन्यांच्या गोळ्यांत मिसळतो, शहरातल्या डॉक्टरांना आवडत नाही. किंमतही थोडी वर गेली होती. साहेबांनी विचारलं, कुणाला काही सांगायचंय का? मला बांबूची नळी आठवली. ती आठवली हेच मला नंतर जास्त छळत राहिलं. हॉटेलातल्या थंड हवेत, टायवाल्या माणसांत, आढ्याला खोचलेल्या नळीबद्दल बोलायची मला लाज वाटली. सगळ्यांबरोबर मी टाळ्या वाजवल्या.

त्या पावसाळ्यात बाई स्वतः मलेरियानं आडव्या झाल्या. कितीतरी दिवस दवाखाना बंदच होता. जुने पेशंट त्यांच्या चिठ्ठीवर तालुक्याच्या मेडिकलमधून औषध नेत. त्या मेडिकलमध्ये गुलाबी गोळ्यांचा माल मीच भरला होता. मी बाईंना बघायलाही गेलो होतो, बिस्किटांचा पुडा घेऊन. गुलाबी पट्टी बॅगेत होती. बाई थकलेल्या दिसल्या. ऐकून चिडतील, बऱ्या झाल्या की सांगू, असं म्हणून मी बॅग उघडली नाही.

पुढचं मला बाईंनीच सांगितलं, अगदी शांतपणे. राजीच्या नवऱ्यानं चिठ्ठी दाखवून पट्टी आणली. सासूनं आढ्यावरची नळी काढली, पिवळी गोळी हातावर घेतली, शेजारी नवी ठेवली. जुळेना. ही तर लाल, म्हणजे पोटुशीची. मेडिकलवाल्यानं चुकून दिली असणार. घरात धाकटी सून गरोदर होती. औषध वाया कशाला घालवायचं, म्हणून सासूनं रोज एक तिला दिली. धाकटी दिवसभर झोपायला लागली; घरच्यांना वाटलं, औषध मानवलं. राजीसाठी पिवळी मिळेल तेव्हा आणू म्हणाले. नाले भरले होते. आणि एका सकाळी आंबील ढवळताना राजी चुलीत पडली.

ती वाचली. उजवा हात कोपरापर्यंत जळला होता. धाकटीचं औषध वेळीच थांबलं, तिचं मूलही चांगलं झालं. सासूनं चूक केली असं मला म्हणता येत नाही. तिला जे शिकवलं होतं ते तिनं नेमकं केलं होतं.

मी हे ऐकलं ते बाजाराच्या दिवशी. मी माझा नंबर मोडून, ओळीतून उठून आत घुसलो. हॉटेलातली बैठक, टाळ्या, बिस्किटांचा पुडा, सगळं एका दमात सांगितलं आणि म्हणालो, बाई, दोष माझा आहे.

बाई एका मुलाचा कान तपासत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "बिल्ला कुठी आहे?"

मी म्हटलं, बाई, मी काय सांगतोय—

"आयकलं मी. पन दोष घ्यायलेबी लाइन आहे, कंपनी. तुह्या पुढं मी आहे. रंग मी शिकवला. तुमच्या कंपनीचा रंग, अन् मी त्याच्यावर लोकाचा जीव बांधला. जाय, बस बाहेर."

मी बाहेर जाऊन बसलो. ओळ लांब होती. माझा नंबर येईपर्यंत माझं रडणं वाळून गेलं होतं, आणि बहुतेक तेच त्यांना हवं होतं. आत गेलो तेव्हा त्यांनी नाडी बघितली. "रडून राह्यला होता नं? त्यानं राजीले काय भेटन? पिवळी आन."

पिवळी आता निघत नाही, मी म्हटलं.

"मंग ज्यानं बंद केली त्याले आन."

मी साहेबांना तीन-चार पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. मग साहेब चंद्रपूरला कामासाठी आले असताना मी सांगितलं, गडचिरोलीकडे एक डॉक्टर आहेत, फार मोठी ऑर्डर देणार आहेत, पण तुम्हीच यायला हवं म्हणतात. हे खोटं होतं. मी आयुष्यात बऱ्याच गोष्टींची टोचणी लावून घेतली, पण त्या खोट्याची कधी लागली नाही.

जीपमधून उतरल्यावर साहेबांच्या हातात बिल्ला आला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बुटांकडे पाहिलं. ते बसले. रुमाल अंथरून बसले, पण बसले, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. त्यांच्या शेजारी खोकला झालेला मिठवाला होता. हा माणूस बैलगाडीत मीठ, मिरची, तंबाखू भरून सगळ्या आठवडी बाजारांना आणि वाटेतल्या पाड्यांना जायचा. वेळ जाईना म्हणून साहेबांनी त्याला विचारलं, मिठाचा धंदा चालतो का?

"चालते म्हंजे?" मिठवाला म्हणाला. "मीठ काय कोनी हौसेनं घेते का, साहेब?"

पावसात काय करता?

"नाला भरला तं थांबतो. उतरला का जातो. एक बाजार चुकवला तं पुढच्या बाजारी माह्या जागेवर दुसऱ्याचं पोतं राह्यते."

बाईंना हे सगळं ऐकू येत असावं, कारण त्यांनी दोघांचे नंबर आल्यावर दोघांना एकदमच आत बोलावलं. साहेबांची जीभ बघितली. साहेबांनी मुकाट्यानं दाखवली. मग बाई मिठवाल्याकडे वळल्या.

"भाऊ, तू मिठाचा रंग बदलला का कधी?"

"काऊन बदलू, बाई? गुलाबी केलं तं लोक म्हनतीन खत आहे."

बाई साहेबांना म्हणाल्या, "हा मानूस तराजूत मारते. मले माहीत आहे, गावाले बी माहीत आहे." मिठवाला खोकला. "पन चुकवत नाई. अन् त्याचं मीठ आज आहे तेच उद्या राह्यते. मले अशी गोळी पायजे. मिठासारखी. तोच रंग, हर बाजारी, अन् अंड्याच्या आत. होते का तुमच्याच्यानं?"

मग त्यांनी बाहेर हाक मारली. ओळीत बसलेली राजी आत आली. तिला कुणी काही दाखवायला सांगितलं नाही. तिनं पदराखालून हात काढून साहेबांना दिलेल्या चहाचा कप उचलला, कारण तो रिकामा झाला होता, आणि घेऊन गेली. हाताची कातडी अजून ताणलेली, चकाकणारी होती.

 मग साहेबांनी जे सांगितलं ते मला नवीन होतं. पिवळी बंद झालेलीच नव्हती. सरकारी पुरवठ्यासाठी ती अजून निघत होती, पत्र्याच्या मोठ्या डब्यात, सुटी, पट्टीशिवाय, छपाईशिवाय. त्यामुळे जुन्या किमतीपेक्षाही स्वस्त. दवाखान्याला डबा थेट देता येत होता. फक्त त्यांची सही लागत होती.

मी विचारलं, मग आम्हाला का सांगितलं नाही?

"त्यात सांगण्यासारखं काय आहे?" साहेब म्हणाले. "डब्यात कुणालाच काही मिळत नाही."

"मिरगीवाल्याले मिळते नं," बाई म्हणाल्या.

साहेबांनी सही केली. जाताना जीपमध्ये त्यांनी मला सांगून ठेवलं, की डबे माझ्या विक्रीत धरले जाणार नाहीत. ते धरले गेले नाहीत, आणि माझी बढती पुढे बरीच लांबली. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. त्या काळात मी केलेल्या कामांपैकी हे एकच असं आहे, जे कुठल्याच आकड्यात दिसत नाही.

पहिला डबा आला तेव्हा बाईंनी त्यातली गोळी फोडून चाखली, थुंकली आणि म्हणाल्या, "तेच आहे." मग प्रत्येक पेशंटच्या नावाच्या पुड्या बांधल्या आणि मिठवाल्याला बोलावलं. आता दर बाजाराला मिठाच्या पोत्याबरोबर पुड्याही पाड्यांवर जाणार होत्या. हे कायद्याला धरून आहे का, अशी मी शंका काढली. "पोस्टमन काय डॉक्टर राह्यते का?" असं म्हणून बाईंनी ती मिटवली. रंगाचा पाढा त्यांनी सोडला नाही, पण त्याला एक ओळ जोडली, आणि ती सगळ्यांकडून म्हणून घेत: रंग बदलला तर खाऊ नका, फेकूही नका, कुणाला देऊ नका, मला विचारा. राजीची पुडी मात्र त्यांनी मिठवाल्याला दिली नाही. ती माझ्या हातावर ठेवली. "ही तू नेऊन दे."

मी बैलगाडीत मिठाच्या पोत्यावर बसून गेलो. सागाचं जंगल, वाळूचा नाला, मग पाडा. वाटभर मी माफीचं वाक्य तयार करत होतो. राजी अंगणाच्या कडेला, मोहाच्या झाडाखाली टोपली विणत होती. डाव्या हातानं जास्त, उजव्यानं कमी. सासूनं पुडी घेतली, गोळी उन्हात धरली. आत जाऊन नळी आणली. दोन्ही गोळ्या तळहातावर शेजारी ठेवल्या आणि बोटानं इकडून तिकडे फिरवल्या. मग माझ्याकडे बघून गोंडीत काहीतरी बोलली.

मी मिठवाल्याकडे पाहिलं.

"म्हनते, ही इतके दिवस कुठी गेलती?"

माझ्या तयार वाक्यात याचं उत्तर नव्हतं.  सासूनं आम्हाला कोरा चहा दिला. चूल तिनंच पेटवली. राजी मोहाखालून हलली नाही.

त्यानंतर कितीतरी वर्षं मी अशा सभांना बसलो, जिथे दूरच्या भागात औषध कसं पोचवायचं यावर हुशार माणसं बोलतात. गाड्या, केंद्रं, योजना, सगळं असतं. मी आता वयानं त्यांच्यात मोठा आहे, म्हणून शेवटी मला विचारतात. मी विचारतो, तीच गोळी पुढच्या बाजारीही मिळेल का? आणि घ्यायला घरातलं काय विकावं लागेल? ते नम्रपणे लिहून घेतात. त्यांच्या चेहऱ्यावर मला माझा तेव्हाचा चेहरा दिसतो, आणि नंतर घरी जाताना वाटतं, आपण अजून मोठ्यानं का बोलत नाही.

पण बाईंची शेवटची आठवण वेगळी आहे. माझी बदली ठरली होती आणि मी निरोप घ्यायला गेलो होतो. बॅग नव्हती, टाय नव्हता, तरी बिल्ला घ्यावाच लागला. बाईंना काय सांगायचं हे मी ओळीत बसून मनात जुळवत होतो: तो दोष अजून माझ्यावर आहे, तुम्ही त्या दिवशी मला नीट बोलू दिलं नाही, वगैरे. माझ्या पुढे मिठवाला होता. राजीच्या पाड्यावरून येताना तो आधी दवाखान्यात डोकावायचा, आणि बाई त्याला दर वेळी एकच गोष्ट विचारत, हे मला माहीत होतं. त्या पाड्यावर तुला चहा कोणी केला? आणि तो दर वेळी सांगायचा, सासूनं. एक हिवाळा गेला, उन्हाळा गेला, उत्तर तेच होतं.

त्या दिवशी दार उघडंच होतं. बाईंनी खडूचे हात पुसत विचारलं, "चहा?"

"राजीनं," मिठवाला म्हणाला. "साखर जास्त झालती."

बाई उठल्या नाहीत. ओळीला काही सांगितलं नाही. भिंतीकडे तोंड करून थोडा वेळ बसल्या, मग स्टेथोस्कोप गळ्यात नीट केला आणि पुढचा नंबर पुकारला. तो माझा होता.

मी आत जाऊन सतरंजीसमोर बसलो. त्यांनी माझी नाडी धरली, डोळ्याची पापणी ओढून बघितली.

"बोल, कंपनी. कुठी दुखते?"

मी जुळवलेलं सगळं शोधलं. त्यातलं काहीच त्या वेळी सांगण्यासारखं उरलं नव्हतं. मी म्हटलं, "कुठंच नाही, बाई."

"मंग ऊठ," त्या म्हणाल्या. "मागं लाइन आहे."